कंबर, कोपर आणि पिचरचा खांदा

मराठी माणसाला ‘अंडरआर्म’ म्हटलं की क्रिकेटच आठवतं, आणि तेही १ फेब्रुवारी १९८१ चं मेलबर्न. बरोबरी साधायला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता आणि कर्णधार भावाच्या हुकमावरून ट्रेव्हर चॅपेलने चेंडू चक्क जमिनीवरून घरंगळत सोडला. खालून टाकलेला चेंडू म्हणजे भेकड चेंडू, ही समजूत त्या दिवशी पक्की झाली. सॉफ्टबॉलच्या मैदानावर एखादी तयारीची पिचर पाहिली की ती समजूत पाच मिनिटांत गळून पडते. महिलांच्या खेळात पिचर प्लेट होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. बॅट फिरवायची की नाही, हे बॅटरला त्याच्याही निम्म्या वेळात ठरवावं लागतं.

दुसरी समजूत मात्र इतक्या सहज जात नाही, आणि ती जास्त घातक आहे. खालून फेकणं हे हाताचं स्वाभाविक फेकणं, त्याने खांदा दुखत नाही, म्हणून मुलीला हवं तितकं फेकू द्यावं, असं अनेक मैदानांवर आजही मानलं जातं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या समजुतीची किंमत बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या खांद्यांना मोजावी लागते.

जिल्ह्यातलं चित्र ओळखीचं आहे. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत सॉफ्टबॉल खेळलं जातं. जिल्ह्यातून अमरावती विभाग आणि तिथून राज्य, अशी वाट असते. क्रीडागुणांची सवलत आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागा पालकांना ठाऊक असतात. शाळेत क्रीडाशिक्षक बहुधा एकच. तोच खो-खो शिकवतो, कबड्डी शिकवतो, धावण्याची चाचणी घेतो आणि सॉफ्टबॉलचा संघही उभा करतो. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भाला व्यायामाची शिस्त दिली. त्या मातीत घडलेल्या शिक्षकांनी साधनं नसताना खेळ जगवले, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

कारण मतभेद त्यांच्या निष्ठेबद्दल नाही. तो आहे लहान मुलीला पिचिंग शिकवताना तिच्या पाठीचं, कमरेचं आणि कोपराचं काय करायचं याबद्दल. अशी दोन मतं इथे दोन माणसांच्या तोंडी घालून ऐकू. एक निवृत्त क्रीडाशिक्षक, दारव्हा-दिग्रसच्या बाजूला आयुष्य काढलेले. दुसरी त्यांच्याच पिढीच्या हाताखाली खेळून आता यवतमाळात मुलींना शिकवणारी प्रशिक्षक. दोघंही कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत; असे सर आणि अशा ताई महाराष्ट्रातल्या कुठल्याही सॉफ्टबॉलच्या मैदानावर भेटतील.

वाद सुरू होतो तो वाकण्यावरून.

“खाली फेकायचंय तर खाली वाकायला नको?” सर विचारतात. “मी पोट्टीला सांगतो, कमरेतून वाक, नजर कॅचरच्या ग्लोव्हवर ठेव, हात मांडीजवळून ने. चेंडू आपोआप खाली राहतो. ताठ उभी राहिली की चेंडू बॅटरच्या डोक्यावरून जातो.”

“पहिल्या आठवड्यात जातो, सर. पण वाकलेल्या मुलीच्या हाताला जायला जागाच राहत नाही. छाती पुढे पडली की कंबर मागे राहते आणि खाली येणाऱ्या हाताच्या वाटेत येते. मग हात तिला वळसा घालून बाहेरून येतो. कोपर पंखासारखं उघडतं. तुम्ही म्हणता हात चुकला, पण चुकलेली असते पाठ.”

तिचं म्हणणं समजून घ्यायला एक फेक सावकाश पाहायला हवी. पिचरचा हात म्हणजे घड्याळाचा काटा धरा. चेंडू मांडीजवळ असतो तेव्हा सहा वाजलेले, समोर आल्यावर तीन, कानाजवळून डोक्यावर गेला की बारा, पाठीमागे खांद्याच्या रेषेत आला की नऊ, आणि परत सहाजवळ, नितंबाच्या कडेला, चेंडू सुटतो. हीच ती विंडमिल. बाराच्या सुमारास उजव्या हाताच्या पिचरचं पोट तिसऱ्या बेसकडे वळलेलं असतं. हात बारा आणि नऊच्या दरम्यान असताना पुढचा पाय जमिनीवर टेकतो, आणि तो पाय घट्ट राहिला तरच पुढे झेपावलेल्या शरीराचा वेग कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून हातात जातो. त्या क्षणी कान, खांदा आणि नितंब साधारण एका रेषेत हवेत. पाठीचा कल थोडा मागे असला तरी चालेल, पुढे नको. पुढचा पाय गुडघ्यात मोडला आणि धड पुढे कोसळलं की सगळा वेग तिथेच सांडतो. मग उरलेलं काम एकटा खांदा करतो.

सरांना हे घड्याळ पटतं, पण त्यांची उपमा शेतातली आहे. “गोफण बघितली ना तू? ज्वारीच्या राखणीला माणूस माचाणावर उभा राहायचा. दोरी सैल, मनगट सैल, आणि दगड पाखरापर्यंत. पिचरचा हात म्हणजे गोफणीची दोरी. हे मी माझ्या पहिल्या बॅचपासून सांगत आलो.”

“हो जी सर, आणि तो राखण्या माचाणावर कमरेतून वाकून उभा राहायचा का?”

सर थोडा वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, “ताठच राहायचा.”

मुद्दा एवढ्यावर संपत नाही, कारण सरांच्या सांगण्यात अनुभवाचं एक सत्य आहे. नवखी मुलगी ताठ उभी राहिली की बहुधा मागे रेलते, आणि मग चेंडू खरंच उंच जातो. ‘वाक’ हा त्यावरचा झटपट उतारा असतो. शिक्षकाकडे तासाला चाळीस मुलं असतात, स्पर्धा तीन आठवड्यांवर असते आणि नियमाप्रमाणे चार बॉल गेले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जाते. स्ट्राइकची चौकट बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. त्या चौकटीत चेंडू बसवायचा तर जो उपाय आज चालतो तो शिक्षक करणार. ताईचं उत्तर एवढंच, की उंच जाणारा चेंडू खाली आणायचा उपाय पाठीत नसून हात कधी सुटतो आणि पाय किती टेकतो यात आहे. अंतर कमी केलं की तो सापडतो. तेरा मीटरवरून चेंडू पोचवायची घाई असते म्हणून मुलगी अंग टाकते. तिला पाच-सहा मीटरवर उभी करा, समोर जुनी गादी किंवा जाळी लावा. जोर काढायची गरजच उरत नाही, आणि पाठ आपसूक सरळ राहते.

दुसरा वाद कोपराचा आहे, आणि तो जगभर चालू आहे. पिचिंग शिकवण्याची एक जुनी पद्धत अशी: चेंडू सोडताना मनगटाला जोरात झटका द्यायचा आणि लगेच कोपर वाकवून समोर उचलायचं, हात खांद्याजवळ आणायचा. अमेरिकेत या पद्धतीला ‘हॅलो एल्बो’ म्हणतात, कारण शेवटी कोपर कॅचरला नमस्कार केल्यासारखं पुढे येतं. आपल्याकडे नाव कुणी घेत नाही, पण “मनगट मार, कोपर वर” ही हाक मैदानावर ऐकू येते.

“ही हाक चुकीची असती तर इतकी वर्षं पिचर तयार झाल्या असत्या का?” सरांचा सवाल.

“झाल्या, सर, पण हाकेमुळे झाल्या की हाक विसरून झाल्या? मोठ्या पिचरची स्लो मोशन बघा. चेंडू सुटताना त्यांचं कोपर वर येत नाही. हाताचा पुढचा भाग नितंबाला घासून जातो, तिथे वरच्या हाताला जणू थांबा मिळतो, आणि पुढचा हात आतल्या बाजूला वळून पुढे झेपावतो. तळवा नंतर आत आणि खाली वळलेला दिसतो. कोपर वर जायचंच असेल तर चेंडू सुटल्यावर, सैल हाताने जाईल. मुलगी आधीच कोपर उचलायच्या तयारीत असली की चेंडू सुटायच्या आत हाताला ब्रेक लागतो.”

इथे निवाडा स्पष्ट द्यायला हरकत नाही: कोपराच्या बाबतीत ताईची बाजू खरी आहे. पण तिच्या बाजूच्या लोकांनीही एक सावधगिरी घ्यायला हवी. हात आत वळतो हे कळल्यावर काही उत्साही प्रशिक्षक मुलींना हात मुद्दाम पिळायला लावतात. वळणं हा सैल हाताचा परिणाम आहे. तो ओढूनताणून आणायचा प्रयत्न केला तर ताण कोपराखालच्या हाडावर येतो. पिचरच्या अल्ना हाडाला अशा वारंवार ताणाने चीर पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुलीला “हात वळव” असं सांगण्यापेक्षा “हात कमरेला घासून जाऊ दे” असं सांगितलेलं बरं. घासला की नाही ते तिला स्वतःला कळतं. सरावानंतर ट्रॅक पँटच्या कडेला, खिशाच्या शिवणीजवळ, कापड गुळगुळीत झालेलं दिसतं.

अशीच दुसरी खूण पायात असते. नियमानुसार पिचरने पुढचं पाऊल प्लेटच्या २४ इंच लांबीच्या आतच, सरळ होम प्लेटच्या दिशेने टाकायचं असतं, आणि मागचा पाय प्लेटला ढकलून घसटत पुढे यायला हवा. बरोबर घसटणाऱ्या पायात बुटाचा अंगठ्याजवळचा भाग झिजतो. मुरमाड मैदानावर कॅनव्हासचा बूट तिथे लवकरच फाटतो. झीज करंगळीच्या बाजूला असेल, तर मुलगी कंबर वेळेआधी बंद करून पाय आडवा ओढते आहे असं समजावं. ही खूण पाहायला कॅमेरा लागत नाही. वार्षिक तपासणीत वह्या तपासतात तसे पिचरचे बूट तपासले तरी तिच्या पाठीबद्दल बरंच काही कळेल.

तिसऱ्या मुद्द्यावर सरांचं पारडं जड होतं.

“अकरा वर्षांच्या पोरीला पहिल्याच दिवशी पूर्ण चक्र कशाला?” ते म्हणतात. “मी स्लिंगशॉटपासून सुरू करतो. हात मागे न्यायचा, पुढे आणायचा, सोडायचा. अर्धं चक्र. क्रिकेट खेळून आलेली पोरं हात ताठ ठेवून फिरवतात, धावत येतात, दोन-दोन चक्रं मारतात. सॉफ्टबॉलमध्ये दोन पूर्ण चक्रं मारली तर बेकायदा. आधी सोडणं शिकू दे, मग फिरवणं.”

ताईला भीती वाटते की स्लिंगशॉटची सवय लागलेल्या मुलीला पुढे विंडमिलची लय सापडत नाही. ही भीती अगदी निराधार नाही, पण सर जे करतात ते शिकवण्याच्या कुठल्याही चांगल्या पद्धतीत बसतं: चेंडू जिथे सुटतो त्या टोकापासून सुरुवात करून मागे मागे जायचं. आधी एका गुडघ्यावर बसून फक्त सोडणं. मग कडेने उभं राहून नऊपासून सहापर्यंत. मग बारापासून. मग पाऊल. शेवटी पूर्ण चक्र. मधल्या टप्प्यात मुलीला भिंतीला समांतर, हातभर अंतरावर उभं करून हात फिरवायला लावला, की हात बाहेर गेला तर बोटं भिंतीला लागतात. सांगावं लागत नाही. चेंडू जुन्या मोज्यात घालून तोंड मुठीत धरलं, तर पूर्ण जोराने फेकूनही चेंडू आणायला पळावं लागत नाही. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. लहान गटात चेंडूही बारा इंची घेराऐवजी अकरा इंची वापरतात, आणि तो छोट्या बोटांत नीट बसतो. बोटांत न बसणारा चेंडू पकडायला मुलगी मनगट आवळते, आणि आवळलेल्या मनगटाचा ताण थेट कोपरापर्यंत जातो.

आणि मग खरा मुद्दा. तो दोघांनाही टाळता येत नाही.

“सर, एका मुलीने किती फेकायचं?”

“सामना असेल तितकं. सात इनिंग्ज असतात, सात इनिंग्ज. माझ्याकडे पिचर एकच असते, बाकीच्यांकडून बॉल जातात. आणि जपानची ती उएनो! दोन दिवसांत चारशेवर चेंडू टाकले तिने. खांदा गळाला का?”

युकिको उएनोची गोष्ट खरी आहे आणि ती थोर आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट २००८ या एका दिवसात ती आधी अमेरिकेविरुद्ध नऊ आणि मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंग्ज पिचिंग करून उतरली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा सात. दोन दिवसांत ४१३ फेकी, आणि जपानने अमेरिकेला ३-१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. पण तेव्हा ती २६ वर्षांची, पूर्ण वाढलेली, व्यावसायिक सरावातली खेळाडू होती. तेरा वर्षांच्या मुलीला तिचा दाखला लागू होत नाही. शिवाय उएनोचीच पुढची गोष्ट सरांसारखे अनेक जण सांगत नाहीत. २७ जुलै २०२१ ला टोकियोत अंतिम सामना तिनेच सुरू केला, वयाच्या ३९ व्या वर्षी. सहाव्या इनिंगमध्ये तिच्या जागी वीस वर्षांची मिऊ गोतो आली, आणि शेवटच्या इनिंगला उएनो परत मैदानात उतरली. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येण्याची मुभा नियमातच आहे. जपान २-० ने जिंकला, दोन पिचर वापरून. शाळेच्या संघाने घ्यायचा धडा टोकियोचा आहे.

खालून फेकणं खांद्याला फुकट पडतं का, याची उत्तरं केव्हाच मिळाली आहेत. १९८९ च्या अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेतल्या आठ आघाडीच्या संघांच्या २४ पिचरची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या २० जणींना दुखापती झालेल्या आढळल्या. १९९६ ला अटलांटात सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. तिथल्या २४ पिचरच्या फेकी चित्रित करून शेरी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. हात खाली येताना खांद्याचा सांधा खोबणीतून बाहेर ओढणारं बल सरासरी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के निघालं. चाळीस किलोच्या मुलीला तेच प्रमाण लावलं तर प्रत्येक फेकीला बत्तीस किलोंची ओढ. २००९ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं, की दंडाचा बायसेप्स स्नायू विंडमिल फेकीत वरून फेकण्यापेक्षा जास्त राबतो, आणि सर्वांत जास्त राबतो तो नऊपासून चेंडू सुटेपर्यंत. धड पुढे वाकलेलं असेल तर नेमकी याच टप्प्यात हाताची वाट बिघडते. मुलीचं “खांदा पुढून दुखतो” हे वाक्य तिथून येतं.

सर हे आकडे ऐकून घेतात. “मग बेसबॉलला फेकींची मर्यादा आहे ना?”

“आहे, सर. अमेरिकेच्या लिटल लीगने २००७ पासून लावली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ फेकी. सॉफ्टबॉलला मात्र ‘खालून आहे, काही होत नाही’ म्हणून फेकींच्या मर्यादेतून मोकळं सोडलं. आपल्या स्कोअरशीटवर धावा लिहितो, आऊट लिहितो, पण पिचरच्या फेकी कुणी लिहीत नाही.”

“आणि दुसरी पिचर कुठून आणू? माझ्या शाळेत ग्लोव्हज नऊ नाहीत, तू पिचर दोन मागते.”

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळीचं उत्तर नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी मदतीला जाणाऱ्या मुली आहेत, बस चुकली तर सरावाला न येणाऱ्या मुली आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सराव पहाटे तासभर होतो. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान बुटाला धरून ठेवतं. मागचा पाय घसटतच नाही, गुडघ्याला पीळ बसतो, आणि मग मुलगी पाय उचलून टाकायला लागते. अशा दिवशी मैदानावर पिचिंग करूच नये. शाळेच्या व्हरांड्यात मोज्याचा सराव करावा. या अडचणी ताईलाही ठाऊक आहेत, कारण ती याच मैदानांवर वाढली. पण दुसरी पिचर तयार करायला नवा ग्लोव्ह लागत नाही. संघातल्या शॉर्टस्टॉपला, पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या मुलीला आठवड्यातून दोनदा गादीसमोर वीस चेंडू टाकायला लावले, तर सहा महिन्यांत दोन इनिंग्ज सांभाळणारी कुणीतरी निघते. ती मोठी पिचर नसेल. पहिलीचा खांदा मात्र वाचेल.

सर शेवटी एका गोष्टीवर अडून बसतात, आणि तिथे ते बरोबर आहेत. “शास्त्र सगळं सांग, पण पोट्टीला एका वेळी एकच सांग. तुम्ही नवे लोक मोबाइल काढता, पाय बघ, कंबर बघ, कोपर बघ म्हणता. पोरगी घाबरून चेंडूच सोडत नाही.” मोबाइलची स्लो मोशन हे आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशातलं साधन आहे, आणि पाय टेकल्याच्या क्षणी चित्र थांबवून कान-खांदा-नितंबाची रेषा पाहायला त्याच्यासारखं काही नाही. पण ते शिक्षकाने पाहावं. मुलीला दिवसाला एकच सूचना द्यावी, आणि पहिली सूचना कायम पाठीची असावी. पाठ सुधारली की कोपराच्या निम्म्या चुका न सांगता जातात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतं आहे. सामने ओक्लाहोमा सिटीत होतील. आज यवतमाळच्या एखाद्या शाळेत तेरा वर्षांची असलेली मुलगी त्या वेळी टीव्हीसमोर बसून ते पाहील आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तसंच फेकून बघेल. तोवर तिचा खांदा धड राहील हे पाहणं तिच्या शाळेच्या हातात आहे. म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती: या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेपासून स्कोअरशीटवर प्रत्येक पिचरच्या फेकींचा एक रकाना वाढवा, आणि चौदा वर्षांखालच्या गटात एकाच दिवशी दोन पूर्ण सामने एकाच मुलीच्या हातावर टाकू नका. खांदा पुढून दुखतो असं मुलीने सांगितलं, तर त्या दिवशी तिला पहिल्या बेसवर उभी करा आणि डॉक्टरांना दाखवा.